सोनईले काहून लागत नाही

तुमसरच्या बाजारात विनोद गभणेला सगळे काटेवाला म्हणून ओळखतात. पोती तोलायचे इलेक्ट्रॉनिक काटे, धानाची ओल सांगणारं यंत्र, असलं काहीही अडलं की राइस मिलवाले पहिला फोन त्याला करतात. खांद्याला पिशवी, खिशात पेचकस आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने कान पुढे करावा. जवळच्या चिखला गावी खाण कामगारांच्या वसाहतीत तो वाढला, पुण्यात काही वर्षं नोकरी केली, आणि वडील थकले तसा परत आला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचा आगाऊपणा बाजारातल्या प्रत्येकाने एकेकदा करून पाहिला आहे आणि प्रत्येकाला तेच एक हसू मिळालं आहे.

मला हा माणूस कळला तो मात्र माझ्या गोदामात. मी कमलेश, धानाचा व्यापारी. रविवारी माझं दुकान बंद असतं आणि गेली काही वर्षं त्या दिवशी दुपारी विनोद मागच्या गोदामात आम्हाला खेळ खेळवतो.

खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण अर्ध्या तुमसरला अजून वाटतं की कमलेशच्या गोदामात जुगार चालतो. हा खेळ विनोद पुण्याहून शिकून आला. एक जण मास्तर होतो आणि गोष्ट चालवतो. इथे जंगल आहे, पलीकडे किल्ला आहे, नाक्यावर शिपाई उभा आहे, असं तो सांगत जातो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, त्या पात्राच्या तोंडून बोलायचं आणि आपण काय करणार ते सांगायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. फासा वीस बाजूंचा. मास्तर सांगेल तो आकडा किंवा त्याच्यावरचा पडला तर जमलं, नाहीतर बसा बोंबलत.

काट्याच्या रिकाम्या खोक्यावर पट मांडायचा. प्रत्येक पात्राची एक खूण पटावर ठेवायची. माझ्या पात्राची खूण म्हणजे पन्नास ग्रॅमचं जुनं पितळी वजन. राखी, जिचं बसस्टँडजवळ ब्यूटी पार्लर आहे, ती एक हिरवी बांगडी ठेवायची. विनोद स्वतःपुढे खोक्याचा एक पुठ्ठा उभा करायचा. त्याला आम्ही आड म्हणायचो. शत्रूचे फासे तो त्या आडेमागे टाकायचा आणि काय झालं ते तोंडाने सांगायचा. आमचे फासे मात्र सगळ्यांसमोर.

मला अर्धवट काम खपत नाही. नियमांचं पुस्तक विनोदने मोबाइलवर पाठवलं होतं, ते मी छापून घेऊन पाठ केलं. राखीने ते उघडूनही पाहिलं नाही. तिला सोंग आणता आलं की झालं. तिचं पात्र कुणाची मनधरणी करू लागलं की ती डोळ्यांत खरोखरचं पाणी आणायची आणि म्हणायची, आता याच्यावर फासा कशाला? मी म्हणायचो, पुस्तकात आहे म्हणून. आमच्या भांडणात विनोद मधोमध बसलेला असायचा, काटा दुरुस्त करताना बसतो तसाच, मान खाली घालून.

त्याने आपला मार्ग हळूहळू काढला. बोलणं मनापासून झालं असेल तर तो आकडा खाली आणायचा, पण फासा माफ करायचा नाही. आणि एक नियम त्याने पुस्तकाबाहेरचा केला. पात्र मेलं की त्याला निरोप. मरणाऱ्याने जे बोलायचं ते बोलावं. तेवढ्या वेळात फासा नाही, नियम नाही, कुणी मध्ये बोलायचं नाही. बोलून झालं की त्याने आपली खूण उचलून मास्तरच्या हातावर ठेवायची, मगच गोष्ट पुढे सरकणार. मला हे पटलं नव्हतं. पोटात भाला घुसलेला माणूस भाषण करत नाही, असं मी म्हटलं होतं. राखीचं पहिलं पात्र मेलं तेव्हा तिने इतका लांब निरोप घेतला की चहाचे दोन फेरे झाले.

तो चहा कुंताबाई आणायच्या. त्यांची आणि त्यांचे यजमान घनश्यामकाकाजी यांची बाजाराच्या कोपऱ्यावर नाश्त्याची गाडी होती, आलुबोंडा आणि तर्री-पोहे. काकाजी आधी राइस मिलमध्ये बॉयलरवर होते. रविवारी कुंताबाई किटली घेऊन यायच्या आणि ग्लास भरता भरता ऐकत उभ्या राहायच्या. एकदा आम्ही एका नाक्यावर अडकलो होतो. शिपाई दार उघडेना. राखीचं रडून झालं, माझा फासा टाकून झाला. तेवढ्यात किटलीमागून आवाज आला की अरे, त्याला विचारा तरी सकाळपासून काही खाल्लं का.

विनोदने आमच्याकडे पाहिलंही नाही. शिपायाच्या आवाजात तो म्हणाला, नाही बाई, काही नाही खाल्लं. मग कुंताबाई आणि तो शिपाई यांचं असं काही बोलणं झालं की मी पुस्तक मिटलं. बायकोने डबा दिला नाही, का दिला नाही, तिचं चुकलं की त्याचं, सगळं निघालं. विनोदने आकडा पंधरावरून दहावर आणला आणि फासा त्यांच्या हातात दिला. चार पडला. शिपायाने बोंडा खाल्ला, हात पुसले आणि दार बंदच ठेवलं.

मला वाटलं बाई हिरमुसतील. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, हे बरं आहे, इथं गोड बोललं म्हणून कोणी ऐकतेच असं नाही. पुढच्या रविवारपासून त्या खेळायला बसल्या. माहेर लाखांदूरकडचं, वैनगंगेच्या काठावरचं, म्हणून पात्र घेतलं ते होडी हाकणाऱ्या डोंगेवालीचं. नाव सोनई. खूण म्हणून पटावर चिंचोका. काकाजी मागे पोत्यांवर बसून बिडी न पेटवता तोंडात धरायचे आणि ऐकायचे. खेळात मात्र कधी बोलले नाहीत.

विनोद आडेमागे कधीमधी लबाडी करतो हे मला माहीत होतं. एकदा माझं पात्र एका भुरट्या चोराच्या हातून मरणार होतं आणि विनोद म्हणाला, वार हुकला. त्याच्या डोळ्यांवरून मी ओळखलं. दिवसभर लोकांचे काटे खरे करतोस आणि रविवारी फासे खोटे सांगतोस, असं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला की उगाचच्या मरणाला मी एखाद्या वेळी आडवा येतो, पण तुम्ही स्वतः निवडलेल्या धोक्याला कधीच नाही. तिथे फासा पडेल तो खरा. हा त्याचा तोल होता आणि आम्ही त्यावर भरवसा ठेवून खेळत होतो.

दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुमारास कुंताबाईंचं पोट दुखू लागलं. नागपूरला नेलं. परत आल्यावर एका सकाळी काकाजी एकटेच माझ्या दुकानात आले. विनोद काटा उघडून बसला होता, राखीला त्यांनी फोन करून बोलावून घेतलं होतं. आत शिरलेला रोग होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. घरच्यांनी बाईंना सांगितलं होतं की पित्तात खडे आहेत, औषधाने विरघळतील.

"तिले काही सांगू नका," काकाजी म्हणाले. "ते भिऊन जाईन. जेवढे दिवस आहेत तेवढे हसत काढू द्या."

आम्ही तिघांनी शब्द दिला. आपल्याकडे असंच करतात. माझ्या वडिलांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

खेळ चालू राहिला. कुंताबाई बारीक होत गेल्या, किटली आता काकाजी उचलायचे, पण रविवार चुकला नाही. आणि हळूहळू माझ्या ध्यानात येऊ लागलं की सोनईला काही होत नाही. माझ्या पात्राचा हात तुटला. राखीचं पात्र अंगभर भाजलं. सोनईवर सोडलेला बाण झाडाला लागायचा, सोनईमागे धावलेलं जनावर पाय घसरून पडायचं. विनोद आडेमागे फासा टाकायचा, पाहायचा आणि म्हणायचा, हुकला. नियमाच्या एका ओळीसाठी तासभर भांडणारा मी गप्प बसलो. राखीही गप्प. विनोदचा चेहरा त्या दिवसांत असा व्हायचा की पाहवत नसे. त्याला ती लबाडी जड जात होती, पण शत्रूचा फासा खरा सांगायला जीभ उचलत नव्हती.

होळी होऊन गेल्यानंतरचा एक रविवार. गोष्टीत आम्ही किल्ल्यातून पळालो होतो, मागे राजाचे तिरंदाज, पुढे पुराने भरलेली नदी. तिरंदाजांनी बाण सोडले. मला लागला, राखीला लागला. विनोदने तिसरा फासा टाकला आणि म्हणाला, सोनईचा हुकला.

कुंताबाईंनी हातातला फासा खाली ठेवला.

"विनोद, सोनईले काहून लागत नाही?"

तो म्हणाला, नशीब आहे मावशी.

"आधी तं तू माह्यामांगं कुत्रे सोडे, डोंग्याले भोक पाडे. दिवाळीपासून खरचटलं बी नाही." त्यांचा आवाज शांत होता. "घरी बी तसंच होऊन राहिलं. पोहे करपले तरी हे म्हणतात, मस्त झाले. तीस वर्षं या माणसानं माह्या पोह्याले नाव ठेवलं. मी म्हटलं, चला, म्हातारपणी सुधारले. पण तू तं फाशाले बी खोटं बोलाले लावलं."

राखी बांगडीकडे पाहत होती.

"मी मरून राहिली का?" कुंताबाईंनी विचारलं.

विनोदने पोत्यांकडे पाहिलं. काकाजींनी मान हलवली, नाही म्हणून. त्या माणसाच्या डोळ्यांत जी विनवणी होती ती मी विसरणार नाही. विनोदने शब्द दिला होता, आणि शब्द मोडणाऱ्यातला तो नाही. समोर मावशी बसली होती, जिने या खेळावर जीव लावला तो इथे गोड बोलून काही फिरत नाही म्हणून. तिच्याशीच आपण काय केलं, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. तो आडेमागचा फासा बोटांत फिरवत राहिला.

"बोलता येत नसन तं नको बोलू," कुंताबाई म्हणाल्या. "ते आड काढ."

त्याला वेळ लागला. मग त्याने दोन्ही हातांनी तो पुठ्ठा उचलला, घडी घातली आणि बाजूला जमिनीवर ठेवला. मागे काकाजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, विनोद, राहू दे बापू. कुंताबाईंनी मागे न वळता त्यांना सांगितलं, बसा तुम्ही. त्या आम्हा सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेत होत्या. त्यांना उत्तर मिळालं होतं आणि त्या रडल्या नाहीत. रडलो मी, आणि ते लपवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मला वाटलं आता खेळ आवरायचा. पण बाईंनी पदर खोचला आणि विचारलं की पुढे नदी आहे ना, मग पार कसं व्हायचं ते सांग.

विनोद पटावरच्या नदीवर वाकला. पूर मोठा आहे, म्हणाला. डोंगा लहान आहे. तिघांचा भार घेऊन पार व्हायचं तर अठरा पाहिजे. कुंताबाईंनी विचार केला. माहेरच्या नदीत पूर आला की डोंगेवाले काय करायचे ते त्यांना आठवलं. त्या म्हणाल्या, मधल्या खडकापर्यंत नेते, तिथे दोघांना उतरवते, तिथून पाणी कमी आहे, ते चालत जातील. डोंगा मात्र सोडायचा नाही, रिकामा मी एकटी काढते. विनोद म्हणाला, मग हे दोघे वाचले, यांना फासा नाही. धोका फक्त तुमचा. पंधरा.

त्यानंतर सोनई नदीशी बोलली. मी ते इथे जसंच्या तसं सांगू शकत नाही. मोठं काही नव्हतं. लहानपणी तुझ्यात पाय सोडून बसत होती, तुझ्या काठची वाळू पोटात गेली आहे, आता घेशील तर हळू घे, असं काहीसं. विनोदने ऐकून घेतलं.

"तेरा," तो म्हणाला.

राखीने त्याचा हात धरला. दहा कर ना, म्हणाली. तो नाही म्हणाला. मी पुस्तकवाला माणूस, त्या घडीला माझ्याही तोंडावर आलं होतं की दहा कर, पाच कर, काय फरक पडतो. पण कुंताबाई विनोदकडे पाहून मान डोलवत होत्या. खूप दिवसांनी त्यांच्याशी कुणीतरी खरं वागत होतं.

त्यांनी फासा टाकला. तो खोक्याच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. अकरा.

विनोदने आकडा वाचला आणि सांगितलं की डोंगा खडकाला लागून फुटला, सोनई पाण्यात आहे, काठ दिसतो आहे पण हात पोचत नाही. मग म्हणाला, "मावशी, निरोप तुमचा."

सोनईने पाण्यातूनच राखीच्या पात्राकडे डोंग्याचा बांबू ढकलला आणि सांगितलं की दर वेळी रडून काम काढू नको, कधी हसून पण पाहा. माझ्या पात्राला म्हणाली की तू नियमाचा माणूस आहेस, हा मास्तर मायेनं चुकला की त्याला सांगत जा, गप्प राहू नको. मग त्या थांबल्या. खूण उचलतील असं वाटलं. पण त्यांनी पाटावरच बसल्या बसल्या अंग वळवलं आणि पोत्यांकडे तोंड केलं.

"काठावर माहा माणूस उभा आहे."

गोष्टीत सोनईला नवरा नव्हता. ती एकटी होती, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मास्तरला नाही म्हणता आलं असतं.

"उभा आहे," विनोद म्हणाला.

गोष्टीतली जी माणसं कुणी खेळाडूने घेतलेली नसतात, त्यांचं सोंग मास्तरच घेतो. त्याने घेतलं नाही. तो मान खाली घालून बसून राहिला. मग मागून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, काकाजींचा आवाज खेळात आला.

"आहे मी इथंच."

"तुमाले मालूम होतं का, मी या काठाले येत नाही म्हणून?"

"होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

बिडी काकाजींच्या हातात चुरगळून गेली होती.

"तू भिशील म्हटलं सगळ्याईले," ते म्हणाले. "भेलो होतो मीच."

कुंताबाई उठल्या. मधे दोन पोती आडवी होती, ती ओलांडायला त्यांना वेळ लागला. त्या काकाजींच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. काय बोलल्या ते आम्ही ऐकलं नाही, कारण आम्ही तिघे बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. नियम मोडायचा नव्हता म्हणून नव्हे. तिथे बसवत नव्हतं.

जाताना त्यांनी चिंचोका विनोदच्या हातावर ठेवला. विनोद म्हणाला, मावशी, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, चुकलं तर खरं, पण त्याच्यामुळंच कळलं.

त्या पावसाळा संपेपर्यंत होत्या. त्यांच्या मुली येऊन राहिल्या, राहिलेलं बोलणं झालं, कुणाला काय द्यायचं ते त्यांनी स्वतः दिलं. माहेरी जाऊन नदी पाहून आल्या. आणि गाडीवर एका सकाळी मी माझ्या कानांनी ऐकलं, काकाजी म्हणत होते की तर्रीत मीठ जास्त झालं. कुंताबाई त्यांच्यावर अशा कडाडल्या की गिऱ्हाईकं हसू लागली. काकाजींचे डोळे भरले होते आणि तेही हसत होते.

विनोद अजून काटे दुरुस्त करतो, अजून तितकंच हळू बोलतो. आड त्याने पुन्हा उभी केली नाही. सगळे फासे आता पटावर पडतात. मला वाटलं होतं, याने खेळ कोरडा होईल. झाला नाही. लपवायला काही नसल्यामुळे तो गोष्ट जास्त जपून रचतो, धोका कुठे आहे ते आधी नीट दाखवतो, आणि आम्हीही पाऊल विचार करून टाकतो. चिंचोका त्याच्या पिशवीत पेचकसांबरोबर असतो. तो पटावर ठेवायचा नाही हे कुणी ठरवलं नाही, पण ठेवत नाही.

बाई गेल्याला वर्ष झाल्यानंतर एका रविवारी काकाजी चहाची किटली घेऊन आले, ग्लास भरले आणि पोत्यांवर न जाता कुंताबाईंच्या पाटावर बसले. मलाही एक माणूस द्या, म्हणाले. खूण म्हणून त्यांनी न पेटवलेली बिडी ठेवली. पहिल्याच दिवशी त्यांच्या पात्रावर लांडग्याने झेप घेतली. विनोदने सगळ्यांसमोर फासा टाकला आणि एकोणीस पडला. विनोद थांबला. कुंताबाईंचं सांगणं आठवून मी म्हणालो की मास्तर, आकडा सांगा.

"लागलं, काकाजी," विनोद म्हणाला. "खांद्याले. खोल आहे."

काकाजी वाकले आणि फासा स्वतः वाचून पाहिला.

"खरं आहे ना?" त्यांनी विचारलं. "मंग लागू दे."